कानाचा माणूस

“यात बाई कमी अन् बांगड्याच जास्त बोलून राह्यल्या.”

शालिकराम हे कोणाला उद्देशून बोलला नव्हता. खोली लहान, माणसं पाच आणि खुर्च्या दोन, म्हणून तो प्रेमिलाच्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभा होता आणि त्याची ही कुरकुर टीव्हीकडे जाता जाता तिच्या कानावरून गेली, एवढंच. समोर रंगीत टीव्हीवर प्रेमिला रामटेके, आरोग्य प्रशिक्षण केंद्रात दाया आणि नर्सांना शिकवणारी बाई, आपल्याच स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून सांगत होती की लेकराला हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी घरच्या घरी कसं करायचं. उकळून गार केलेलं पाणी घ्या, म्हणाली, किण. मूठभर साखर, म्हणाली; किणकिण. आणि मग तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच मीठ, असं म्हणत तिने पळी घेऊन ढवळायला जी सुरुवात केली, तर मिठाचं माप, ते जास्त झालं तर लेकराला काय होतं ते, आणि ‘चव आसवांपेक्षा खारट नको’ हे तिचं लाडकं वाक्य, सगळं काचेच्या बांगड्यांखाली बुडून गेलं. पडद्यामागे कोणी कासार दुकान मांडून बसला असावा असं वाटत होतं.

टीव्हीच्या अगदी पुढ्यात, सतरंजीवर, तिचा नवरा मनोहर मांडी घालून बसला होता. कॅमेरा जोडीदार शालिकरामचा, पण आवाज मनोहरचा. सक्करदऱ्याच्या रामटेके साऊंड सर्व्हिसचा आवाज. व्हिडिओवरची त्याची ही पहिलीच टेप. ती संपली तसा तो वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते प्रेमिलाने मुलीच्या बारशानंतर फारसं पाहिलं नव्हतं. “पाहा कसा बसला आवाज,” तो म्हणाला. “एकदम साफ.” केंद्रातल्या यमुताई, ज्यांनी साहेबांच्या मागे लागून ही फिल्म मंजूर करून आणली होती, त्यांनी रिकाम्या कपातून एक घोट घेतला. शालिकराम कॅमेऱ्याच्या काचेवर फुंकर मारू लागला. दारात बसलेली सासू, बायजाबाई, भर मे महिन्याच्या दुपारी म्हणाली, चहा ठेवू का गा कोणाले. मनोहर सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत थांबला होता, परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखा, आणि ते बघवेना म्हणून प्रेमिला म्हणाली, “कूलरचा थोडा येऊन राह्यला.” “हो का?” तो म्हणाला. मग डोळे मिटून, मान किंचित कलती करून, जणू आत्ता संपलेली टेप पुन्हा आत वाजवून बघत म्हणाला, “बरोबर आहे. येऊन राह्यला. कूलर बंद करावा लागन.” आणि तिला एकाएकी असं वाटलं की आपण त्याच्या जेवणात काहीतरी कालवलं आणि तो ते ‘छान झालं’ म्हणून खाऊन राहिला.

तिला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण घरातली माहिती अशी राहते की तिच्यावर कोणी बोट ठेवल्याशिवाय ती नसल्यातच जमा. सुरुवात कुकरच्या शिट्टीपासून झाली होती की दूधवाल्याच्या सायकलच्या घंटीपासून, हे आता सांगता येणार नाही. एकदा ती मागून चहा घेऊन गेली आणि तो एवढा दचकला की चहा सोल्डरच्या तापल्या सळईवर सांडला, फस्स झालं, आणि तो हसत म्हणाला, मांजरीसारखी काहून येतं वं? ती मांजरीसारखी गेली नव्हती. हात भरून बांगड्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हाच माणूस पाठमोरा बसून, रेडिओच्या पोटात डोकं घालून, नुसत्या त्या किणकिणीवरून सांगायचा की आज तू रागात आहेस, आज थकली आहेस, आज ओल्या हाताने तशीच आलीस. तिला त्याची थोडी भीतीच वाटायची तेव्हा. चोरून काही करायची सोय नाही. डब्यातला गूळ खाल्ला तरी तिकडून विचारायचा, एकटीच खाऊन राह्यली का. त्या चहाच्या दिवसानंतर मात्र ती मागून जायची सोडून देऊन वळसा घालून पुढून जाऊ लागली. ठरवून नाही. पाण्याने उतार धरावा तसं तिच्या पायांनी ते धरलं. मग खांद्याला हात लावून बोलायचं, मग उजेडाकडे तोंड करून बोलायचं, मग एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट उघडून. सासूने आपली बाज उजवीकडून डावीकडे हलवली. ‘वारा इकडून येते’ म्हणाली. मुलगी भंडाऱ्याहून फोन करते तेव्हा आईशीच बोलते, बाबांना फोनवर कंटाळा येतो म्हणते. सगळं घर त्याच्याभोवती हळूच इकडचं तिकडे सरकलं होतं, आणि मधोमध तो बसलेला, त्याला वाटतं सगळं जिथल्या तिथेच आहे.

या दुखण्याला घरात नावंही होती, प्रत्येकाचं वेगळं. सासू म्हणायची, त्याचं ध्यान नसते. शालिकराम म्हणायचा, भाऊ मूडमध्ये नाहीत. प्रेमिला स्वतः मनातल्या मनात म्हणायची, थकतात. खरं नाव कोणी घेत नव्हतं, कारण हा काही कोणी कारकून नव्हता, मास्तर नव्हता, की कान गेला तर गेला, डोळा तर आहे. हा कानाचा माणूस होता. जलसा असो की बुद्धजयंती, कव्वालीचा मुकाबला असो की कोणाचं लग्न, मैदानाच्या टोकाला उभा राहून तो सांगायचा की चार भोंग्यांपैकी तिसरा घोगरा बोलून राहिला, त्याचा पडदा पाहा. माइकवर टिचकी मारली की कुठली वायर आतून तुटायला आली ते सांगायचा. गायक लोक त्याला गाण्याआधी पाया पडल्यासारखे येऊन भेटायचे. आणि तो रात्र रात्र त्या भोंग्यांच्या बुडाशी बसायचा, कारण मशीन तिथेच असायचं. सकाळी घरी आला की हसत म्हणायचा, आज दिवसभर कानात ढोलकी राहील. प्रेमिला नर्स होती. तिला कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण आपल्या माणसाच्या बाबतीत शिकलेलं सगळं कपाटात बंद करून ठेवण्याची एक कला बायकांना येते, आणि नर्सांना तर जास्तच येते.

आणि बांगड्या त्यानेच आणल्या होत्या, हे आणखी वर. फिल्म रंगीत आहे म्हटल्यावर तो स्वतः इतवारीत गेला, भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, आणि हिरव्या-लाल काचेच्या बारीक बांगड्या घेऊन आला. टीव्हीवर हात उघडे-बोडके दिसू नयेत म्हणाला. माप बरोबर आणलं होतं. इतकी वर्षं झाली, तिचा हात जाड झाला, तरी माप त्याच्या हातात होतं. त्याने स्वतः एकेक चढवल्या होत्या, शालिकराम केबल गुंडाळत असताना, भिंतीकडे बघितल्यासारखं करत.

त्या दिवशी यमुताईंना सोडायला ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. यमुताईंनी लुना स्टँडवरून काढली, पण बसल्या नाहीत. जीप ठरली आहे, म्हणाल्या, टीव्ही आणि जनरेटर घेऊन बाजाराच्या दिवशी गावोगाव जायची. पाणी गढूळ व्हायच्या आत निघायला पाहिजे, एकदा लेकरं आजारी पडायला लागली की मग कोण बघतो टीव्ही. आणि बाजारात काय गलका असतो तुम्हाला माहीत आहे, त्यात मिठाचं माप नाही ऐकू आलं तर आपण केलं ते न केल्यासारखं, उलट एखादी बाई मूठभर मीठ टाकायची. आजचा धरून तिसरा रविवार शेवटचा. त्याच्यानंतर साहेब दुसऱ्या पार्टीला काम देऊन टाकतील. “अन् मग रामटेकेंना मला कारण सांगावं लागेल,” यमुताई म्हणाल्या. “ते मी कसं सांगू, तुम्हीच सांगा.” प्रेमिला त्यांच्या लुनाच्या पॅडलकडे बघत राहिली. तेव्हा विषय बदलावा म्हणून, किंवा खरोखरच वाटलं म्हणून, यमुताई म्हणाल्या, “एक मात्र आहे हं. तुम्ही बोलता काय सुरेख. कॅमेऱ्यासमोर आमचे डॉक्टर लोक गडबडून जातात, खाली बघतात, शब्द खातात. तुमचं तोंड समोर, एकेक शब्द वेगळा, ओठाओठावरून समजतं. कुठे शिकल्या हो हे?”

कुठे शिकली. लुना गल्लीतून फटफटत निघून गेली तरी प्रेमिला पानठेल्याच्या सावलीत तशीच उभी होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं. केंद्रात नवीन लागली तेव्हा तर साहेब म्हणायचे, रामटेके बाई, तोंडातल्या तोंडात काय बोलता, सुपारी धरली का गालात. मग कधीतरी ते गेलं. ती रोज सकाळी एका माणसासमोर उजेडात उभी राहून भाजी कोणती करू ते विचारत होती. त्याच्या डोळ्यांत बघून, तो समजेपर्यंत नजर न हलवता, घाई न करता, आवाज न चढवता, कारण चढवला तर तो विचारील की ओरडून काहून राह्यली. रोज संध्याकाळी त्याच चालीत वीजबिल, मुलीचं बाळंतपण, शेजारणीचं भांडण. एवढ्या वर्षांचा रियाज झाला होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता. कॅमेऱ्याच्या त्या काळ्या काचेसमोर उभी राहिली तेव्हा तिला भीती वाटली नाही याचंही कारण तेच असावं. काच तिला ओळखीची वाटली. आपण बोलतो ते तिच्यापर्यंत पोचलं की नाही हे काचही सांगत नाही, फक्त बघत राहते. प्रेमिलाला हसू आलं, हसता हसता तिने पदराने डोळे टिपले, आणि पानठेलेवाल्याने विचारलं, ताई, ऊन लागलं काय.

दुसऱ्या रविवारी मनोहरने घराचा स्टुडिओ केला. आठवडाभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं. कूलर बंद, पंखा बंद. स्वयंपाकघराच्या भिंती उघड्या, म्हणून आवाज परत येतो, असं सांगून त्याने घरातल्या सगळ्या गोधड्या, सासूच्या बाजेवरची वाकळसुद्धा, खिळे ठोकून भिंतीवर टांगल्या. फ्रिजचा प्लग काढला. नळाला फडकं बांधलं की थेंब पडला तरी वाजू नये. झरोक्यात चिमण्यांनी घर केलं होतं. त्याने ते मोडलं नाही, फक्त झरोक्याला पुठ्ठा लावला आणि काम झालं की लगेच काढतो असं त्यांना, म्हणजे चिमण्यांना, सांगितलं. माइक साडीच्या काठाला कुठे लावला तर कापड घासत नाही, याचा त्याने सासूच्या लुगड्यावर प्रयोग करून पाहिला, आणि बायजाबाई माइक लावून घरभर हिंडली, शेजारच्या सिंधूताईने काय काय म्हटलं ते सांगत. हे सगळं बरोबर होतं. एकेक गोष्ट बरोबर होती. त्या बंद खोलीत, गोधड्यांच्या उबेत, नागपूरच्या उन्हाळ्यात, प्रेमिला घामाने निथळत मीठ-साखर ढवळत होती आणि त्याच्याकडे बघत होती. कानांवर हेडफोन, डोळे अर्धे मिटलेले, हात बटनावर. तिला तो फार देखणा वाटला. माणूस आपल्या कामात बुडलेला असतो तेव्हा देखणा दिसतोच, पण हा असा बुडला होता की वर काय चाललं आहे ते त्याला कळत नव्हतं.

टेप लावली. कूलर गेला होता, चिमण्या गेल्या होत्या, रस्त्यावरचा रिक्षा गेला होता, खोलीचा घुमारा गेला होता. आणि या सगळ्यांनी जागा करून दिल्यावर, स्वच्छ आंघोळ करून आल्यासारख्या, बांगड्या वाजत होत्या. पहिल्या खेपेला निदान गर्दीत होत्या. शालिकरामने वर छताकडे बघितलं. मनोहरने वळून विचारलं तेव्हा या वेळी कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून सगळे एकदमच बोलले. शालिकराम म्हणाला टेप जुनी आहे. यमुताई म्हणाल्या टीव्हीचाच काही दोष असेल. बायजाबाई म्हणाली, सिंधूताईचं जातं. सिंधूताईकडे जातं नव्हतं, निदान गेल्या दहा वर्षांत तरी नव्हतं. पण मनोहर मान हलवत राहिला, सगळ्यांचं ऐकल्यासारखा, आणि प्रेमिलाला दिसलं की तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे उशिरा पोचतो. एकाचं संपतं तेव्हा त्याची नजर त्याच्यावर जाते. तरी तो म्हणाला, टेप नवीन घेऊ. टीव्ही दुसरा लावून पाहू. नाराज झाला नाही. उलट हुरूप आला. इतक्या लोकांना इतकं बारीक ऐकू येतं याचा त्याला आनंद झाल्यासारखा वाटला.

त्या दिवशी दुपारी प्रेमिला मोरीत भांडी घासत होती तर बायजाबाई येऊन दगडावर बसली. ही सासू काही लेचीपेची नव्हती. छप्पन साली ती दीक्षाभूमीवर नेसत्या लुगड्याने गेली होती, मनोहरला कडेवर घ्यायचं वय उलटलं होतं तरी गर्दीत हरवू नये म्हणून कडेवर घेऊन. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधून स्वतः नदीला पोचवले. देव गेले, उपास गेले, वारावारचं न खाणं गेलं. बांगड्या तेवढ्या राहिल्या. बांगड्यांबद्दल बाबासाहेब काही बोलले नाहीत असं तिचं म्हणणं, आणि घरात बांगडी ‘फुटली’ म्हणायची आजही सोय नव्हती, ‘वाढली’च म्हणायचं. सुनेने मोकळ्या हाताने ताट वाढलं म्हणून एकदा जेवणावरून उठली होती. तीच बाई आता इकडे तिकडे बघून, आवाज खाली करून म्हणाली, “साबण लावून काढून टाक वं त्या. टेपपुरत्या. मी काही म्हणत नाही.”

प्रेमिलाच्या हातातलं भांडं राखेतच राहिलं. “अन् त्याईनं विचारलं काहून काढल्या, तं?”

“तं सांगजो.”

“तुम्ही सांगा न. तुमचा पोरगा आहे.”

बायजाबाईने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. मग म्हणाली की लहानपणी तो छपराच्या कवेलूवर पडणाऱ्या पावसातून सांगायचा, मा, बाप आला. आणि बाप अजून तलावाच्या पाळीवर असायचा. “माह्या तोंडानं नाही निंघत,” म्हणाली, आणि भांडी विसळायला लागली, जे तिने सून घरात आल्यानंतर कधी केलं नव्हतं. आवाज खाली करायची खरं तर काहीच गरज नव्हती, हे दोघींच्याही मग लक्षात आलं. बाहेरच्या खोलीत तो हातभर अंतरावर बसला होता. दोघी एकमेकींकडे बघेनात.

आठवडाभर प्रेमिलाने निरनिराळे उपाय करून पाहिले, मनात. चमचा लाकडी घ्यावा. ढवळूच नये, नुसतं सांगावं. डाव्या हाताने ढवळावं. पण बांगड्या दोन्हीकडे होत्या. एकदा प्रत्यक्षातही केलं. सकाळी तालीम करताना तिने बांगड्या वर सरकवून मनगटाला रुमाल आवळून बांधला. तो आला, हात हातात घेतला, काय झालं म्हणाला. दूध उतू गेलं, भाजलं, ती म्हणाली. त्याने रुमाल सोडला, भाजलेलं शोधलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, फुंकर घातली, आणि कुठे काही नाही बघून खूश होऊन बांगड्या पुन्हा खाली ओढून नीट बसवल्या, हिरव्या एकीकडे, लाल एकीकडे. टीव्हीवर रुमाल चांगला नाही दिसत, म्हणाला. तिने हात सोडवून घेतला नाही. तिला भीती अशी वाटत होती की हे काम गेलं तर जाईल, जीप दुसऱ्या कोणाची टेप घेऊन जाईल, ते सोसता येईल. पण ज्या दिवशी यमुताई ‘कारण’ सांगायला येतील त्या दिवशी हा माणूस मागे वळून सगळा हिशेब लावेल, कोण कोण कधीपासून खोटं बोलत होतं, आणि आपल्या घरात आपण किती वर्षं एकटे होतो. आणि न सांगता हीच टेप तशीच गेली तर बाजारात उभी असलेली कोणी बाई, कडेवर सुकलेलं लेकरू, टीव्हीकडे बघत, ऐकायचा प्रयत्न करत, किती मीठ म्हणाली वं ती? प्रेमिलाने अशी लेकरं हातात धरली होती. चेहरा म्हाताऱ्याचा होतो त्यांचा. ती झोपेत कूस बदलायची आणि बांगड्या वाजायच्या, आणि शेजारी तो शांत झोपलेला.

तिसऱ्या रविवारी सकाळीच सुरू केलं, ऊन तापायच्या आत. यमुताई जरा उशिरा येणार होत्या. या वेळी मनोहरने दुकानातून आपलं जुनं मिक्सर आणलं होतं, डब्यासारखं, मधे पिवळ्या उजेडाची काच आणि काचेमागे सुई. कानाने तर ऐकतोच, म्हणाला, पण या वेळी डोळ्यानेही बघतो, आवाज किती चढून राह्यला ते. म्हणजे कोणाची तक्रार नको. शालिकराम कॅमेऱ्यामागे वाकला. बायजाबाई दारात गहू निवडायचं सूप घेऊन बसली, आणि वाजतं म्हणून सूप बाजूला ठेवून तशीच बसली. प्रेमिलाने पाणी घेतलं. साखर घेतली. मीठ घेतलं, तीन बोटांत धरून काचेसमोर नेलं, की दिसावं तरी, आणि मग तोंड बंद ठेवून नुसतं ढवळलं. बोलणं आणि ढवळणं वेगळं केलं तर निदान शब्द वाचतील, असा तिचा हिशेब होता.

“थांब,” मनोहर म्हणाला.

तो सुईकडे बघत होता. पुन्हा ढवळ, म्हणाला, बोलू नको. तिने ढवळलं. थांब. ढवळ. सुई काचेमागे उठायची, थरथरायची, आणि ती थांबली की आडवी व्हायची. त्याने वायर काढून पुन्हा लावली. दुसरी वायर लावली. माइकवर टिचकी मारली, हेडफोन दाबून धरला, डावा कान, मग उजवा, मग हेडफोनच उलटा करून. चाळीस भोंग्यांचा संसार केलेला माणूस आधी वायरीवरच संशय घेणार. वायर चांगली होती. त्याने हेडफोन काढून गळ्यात ठेवला आणि शालिकरामला विचारलं, काय वाजून राह्यलं गा? शालिकरामने डोळा कॅमेऱ्यातून काढला नाही. वायर असन भाऊ, म्हणाला, मशीन जुनं आहे. पाखरू असन, बायजाबाई दारातून म्हणाली, आणि झरोक्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. मनोहरने दोघांचंही बोलणं ओठांवरून घेतलं, सावकाश, आणि मग तो सुईकडे बघत राहिला. त्याचा चेहरा प्रेमिलाला ओळखीचा होता. मैदानाच्या टोकाला उभा राहून बिघाड कुठल्या भोंग्यात आहे ते शोधतानाचा. तो शोधत आता घरात आला होता, एकेका माणसाला टिचकी मारून बघत होता, आणि कोणी खरं बोलत नव्हतं. आणखी एक वायर म्हटलं असतं तर त्याने तीही बदलली असती. त्याने विश्वास ठेवला असता, हेच तिला सहन होईना.

त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. 

तिने पळी ओट्यावर ठेवली. ती वळसा घालून पुढून आली, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी उभी राहिली, हात वर केला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकदा हलवला. मिक्सरची सुई उठली. मग ती बोलली, आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा, रोज बोलते तशीच.

“माह्या बांगड्या वाजून राह्यल्या. पहिल्या दिवसापासून. आमाले सगळ्याईले ऐकू येते. तुम्हाले नाही येत.”